साहेब, मार्चमध्ये गवत आपोआप पडतं! : एका पिग्मीवालीचं खुलं पत्र

आमच्याकडचे रस्ते ज्यांच्या सहीने होतात, ज्यांच्या सहीने दुरुस्त होतात आणि ज्यांच्या सहीसाठी थांबून राहतात, त्या सगळ्या साहेबांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

घाबरू नका, हे पत्र खड्ड्यांबद्दल नाहीये. खड्ड्यांवर लिहिणारे भरपूर आहेत, फोटो टाकणारे आहेत, खड्ड्यात झाड लावून आरती करणारे पण आहेत. मला बोलायचंय ते डांबर संपतं तिथपासून गटार सुरू होतं तिथपर्यंतच्या त्या हात-दीड हात पट्टीबद्दल. तुमच्या भाषेत साइडपट्टी. गाडीवाल्याला ती दिसत पण नाही, आणि सायकलवाल्याचा सगळा जीव तिच्यावर.

मी सिंधुदुर्गातली, समुद्राकाठच्या एका गावातली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण लिहिलं की तुम्ही फक्त तेवढाच रस्ता बघायला माणूस पाठवाल आणि बाकीच्यांचं तसंच राहील. धंदा म्हणाल तर पिग्मी एजंट. पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची थोडी थोडी बचत, दारोदार गोळा करते, गेली सतरा वर्षं. घरापासून बाजारपेठ अकरा किलोमीटर, परत अकरा, शिवाय बाजारात दुकानादुकानात फिरते ते वेगळं, आणि हे सगळं सायकलवर. घरात स्कूटर आहे पण ती नवऱ्याच्या कामाला लागते, आणि खरं सांगायचं तर आता मला सायकलच बरी वाटते, शंभर-दोनशे रुपयांच्या पिग्मीवर मिळणाऱ्या कमिशनात पेट्रोल घालत बसले तर घरी काय नेऊ?

माझा रस्ता कसा आहे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सुरुवातीला खाडीकाठ, माडाबागा, सपाट. मग घाटी, ती मी अर्धी चालवते आणि अर्धी सायकल ढकलत जाते, त्यात लाज नाही. वर आलं की सडा, साडेचार किलोमीटर, जांभ्या दगडाचं उघडं माळरान, झाड नाही, घर नाही, मधोमध एक पिकप शेड, म्हणजे एसटीचा थांबा. आणि मग उतार, वळणं, खाली बाजार. कोकणात कुठेही जा, थोड्याफार फरकाने असाच रस्ता, चढ-सडा-उतार, त्यामुळे हे माझ्या एकटीचं रडगाणं समजू नका.

आता लोकांना वाटतं सायकलला वाईट दिवस म्हणजे पावसाळा. आमच्या पतसंस्थेतल्या नव्या मुली पण म्हणतात, ताई जून-जुलैत कशा येता हो? अगो, जून-जुलै सोपा असतो! भिजायचं आहे हे घरातून निघतानाच ठरलेलं असतं, रेनकोट अंगावर, पिग्मी नोंदवायचं मशीन दोन पिशव्यांत, पायात प्लास्टिकची चप्पल, प्रश्नच मिटला. कठीण दिवस म्हणजे हे आत्ताचे. अनंत चतुर्दशी ते तुळशीचं लग्न. या दिवसांत सकाळी धुकं असतं, दहाला चटके बसतात, दुपारी दोनला अंगाची नुसती चिकचिक, साडेतीनला घाटाकडे काळं होतं आणि साडेचारला असा कोसळतो की आषाढ बरा, परत साडेपाचला ऊन, रस्त्यावरून वाफा. एका दिवसात सगळं. रेनकोट घातला तर आतून घामाने भिजते, नाही घातला तर बाहेरून, तेव्हा मी तो आता कॅरिअरला बांधून ठेवते आणि आधी मशीनला घालते. मशीन भिजलं तर पतसंस्था माझ्याकडून भरून घेईल, मी भिजले तर कोण कुणाला विचारतंय.

वाऱ्याचं पण तेच. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, परीक्षेत दोन मार्कांना यायचे, पाठ करून लिहिले आणि विसरले. ते खरे काय असतात ते सायकलवर कळलं. पाऊस ओसरला की हे दोन्ही वारे परत चालू होतात. सकाळी जमीन गार, वारा जमिनीवरून समुद्राकडे, आणि मी नेमकी समुद्राकडून आत चाललेली, म्हणजे तोंडावर. संध्याकाळी मी परत निघते तेव्हा जमीन तापलेली, वारा समुद्रावरून आत येतो आणि मी समुद्राकडे चाललेली, परत तोंडावरच! जून-जुलैत निदान सकाळी तरी पाठीवर असतो. ही काय तुमची चूक नाही साहेब, देवाने करून ठेवलंय, पण सड्यावर तोंडावरचा वारा काय असतो ते तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं. सायकल अशा वाऱ्यात सरळ रेषेत जात नाही, हातभर इकडे, हातभर तिकडे डुलते. तो हातभर आम्हाला कुठून तरी मिळायला हवा. डावीकडे मिळाला नाही तर आम्ही तो उजवीकडे घेतो, आणि उजवीकडे तुमचे डंपर असतात.

आणि आता डावीकडे काय आहे ते ऐका.

डावीकडे गवत आहे. पुरुषभर. श्रावणात गुडघ्याएवढं असतं, गणपतीत कमरेएवढं, दसऱ्याला माझ्या डोक्याच्या वर. नुसतं उभं नसतं, पावसाने झोडपून रस्त्यावर आडवं झालेलं असतं, त्यात रानमोडी, टाकळा, लाजाळू सगळं गुंतलेलं. त्याच्या खाली साइडपट्टी आहे की नाही ते फक्त त्या गवताला माहीत. आमच्याकडे तर गेल्या वर्षी मे महिन्यात केबलवाल्यांनी डांबराच्या कडेकडेने चर खणला, माती लोटली, वरून जेसीबीचा बकेट दोनदा आपटला आणि गेले. पहिल्या पावसात ती माती बसली, दुसऱ्या पावसात वाहून गेली. आता डांबराची कड आणि खालची जमीन यात कुठे चार बोटं, कुठे वीतभर, आणि एका ठिकाणी चांगली हातभर पायरी पडलीये. वरून सगळं हिरवंगार, सपाट, फोटो काढावा असं.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मी त्या फोटोत पडले. नवरात्र संपून कोजागिरी यायची होती. दुपारी दहा मिनिटांची सर येऊन गेली होती, ऊन पडलं होतं, रस्ता चकाकत होता. सडा संपून उतार लागतो तिथे डावं वळण आहे, रस्त्याखालची मोरी तुंबलेली असल्यामुळे वरचं पाणी रस्त्यावरूनच वाहतं, त्यामुळे त्या वळणावर शेवाळ, आणि शेवाळावर चिरे भरलेल्या ट्रकमधून सांडलेली तांबडी धूळ, भिजून तिचा चिखल, लोण्यासारखा. मी ब्रेक दाबला. सायकलच्या रिमला पाणी लागलं की ब्रेक लगेच धरत नाही, चाक अर्धा-एक फेरा तसंच फिरतं, रबराने पाणी पुसलं की मग धरतं, हे सगळ्या सायकलवाल्यांना पायात ठाऊक असतं. तेवढ्यात मागून गाडीचा हॉर्न. मी सवयीने डावीकडे झाले. पुढचं चाक गवतात गेलं आणि खाली गेलं, म्हणजे जमीन नव्हतीच तिथे, तो चर होता. हँडल फिरलं, मी हँडलवरून गवतात, सायकल माझ्यावर.

आधी पैशाची पिशवी चाचपली. मग मशीन. मग बघितलं तर कोपरातून रक्त. तीन टाके पडले.

गाडीवाला थांबला हो, चांगला माणूस होता, बायको-मुलांसकट फिरायला आलेला, पाण्याची बाटली घेऊन धावत आला आणि काय म्हणाला, "ताई, तुम्ही एकदम दिसेनाशाच झालात!" त्याला खरंच काही समजलं नव्हतं. त्याच्या काचेतून एक बाई रस्त्यावर होती आणि पुढच्या क्षणाला रस्त्यावर गवत होतं. त्याचं काय चुकलं? तो वळणावर हॉर्न वाजवणारच. माझं काय चुकलं? मी बाजूला होणारच. आम्ही दोघंही नियमाने वागलो आणि मी चरात.

हे तेव्हाच अर्ज लिहून दिलं होतं. पोच आहे माझ्याकडे. एका टेबलावर सांगितलं हा रस्ता आमच्याकडे नाही, दुसऱ्या टेबलावर सांगितलं रस्ता आमच्याकडे पण चर आमचा नाही, आणि तिसऱ्या टेबलावरचे साहेब खरंच सज्जन, त्यांनी चहा सांगितला आणि म्हणाले, "मार्चमध्ये साइडपट्टीचं आणि गवताचं टेंडर निघतं, त्यात घेऊ." आणि दिलेला शब्द त्यांनी पाळला बरं का! मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चार माणसं आली, खांद्याला मशीन, दोन दिवस घर्रर्र आवाज, गवत कापून गेली.

साहेब, मार्चमध्ये कुठलं गवत? मार्चपर्यंत आमच्याकडचं गवत वाळून, मोडून, आपोआप जमिनीवर पडलेलं असतं. अर्ध्याला वणवा लागून गेलेला असतो. ढोरं पण त्याला तोंड लावत नाहीत. त्या माणसांनी कापलं काय आणि नाही कापलं काय, सारखंच. बरं, भर घातली ती मुरमाची, कोरड्या धुळीत, मार्चच्या उन्हात. मुरूम दबायला ओल लागते हे आमच्या गावात अंगण करणाऱ्या कुठल्याही बाईला माहितीय, पाणी मारून, चोपून, मग शेण. ओल नसलेल्या मातीवर रोलर फिरवा नाहीतर विमान फिरवा, जूनच्या पहिल्या पावसात ती गटारात जाते. गेलीच.

आता तुम्ही म्हणाल, बाई, पाऊस थांबल्याशिवाय कामं काढता येत नाहीत. डांबराचं कबूल. ओल्यात डांबर धरत नाही, हॉटमिक्स प्लांट बंद असतात, कबूल. पण विळ्याला हॉटमिक्स लागत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की कामाचं टायमिंग बदला, काम वाढवा असं म्हणतच नाहीये मी. ऑगस्टमध्ये गवत कापलंत तर पंधरा दिवसांत परत उभं, ते मलाही मान्य. पण परतीचा पाऊस जायला लागला की गवताला बी धरतं, त्याचं वाढणं संपतं. तेव्हा एकदा कापलं की ते परत जूनपर्यंत येत नाही, एकाच मजुरीत आठ महिने. आणि जमिनीत ओल असते, मुरूम टाकला की बसतो. घटस्थापनेला सुरू करा, दिवाळीच्या आधी उरका. मधली सर आली तर माणसं अर्धा तास पिकप शेडमध्ये बसतील, आम्ही बसतोच की.

तुमचं कॅलेंडर कुणाच्या सोयीने चालतं ते आम्हाला कळतं. गणपतीच्या आधी पंधरा दिवस मंत्र्यांचे दौरे, पाहणी, डेडलाइन, खड्डे बुजवा, चाकरमानी येणार. आमचेच भाऊ-दीर येतात, त्यांचा रस्ता चांगला व्हावा, वाद नाही. पण ते गौरी-गणपती विसर्जन करून गाडीत बसून जातात, आणि त्यांच्या मागून हस्ताचा पाऊस येतो, त्याने सगळं उघडं पडतं, आणि तेव्हा रस्त्यावर कोण उरतं? आम्ही. आणि मग मार्च, तो तुमच्या बिलांचा. म्हणजे एक कॅलेंडर पाहुण्यांचं आणि एक हिशेबाचं. पावसाचं कॅलेंडर कुणाच्या भिंतीवर नाही.

तसं बघायला गेलं तर पावसाचं कॅलेंडर पण सरकलंय. हवामान खात्याने स्वतःच २०२० मध्ये तारखा बदलल्या, मुंबईतून मान्सून परत जायची तारीख पूर्वी २९ सप्टेंबर धरायचे ती आता ८ ऑक्टोबर. मुंबईतून गेल्यावर तो खाली सरकत सरकत आमच्याकडून जाणार. आमची आजी तारखा सांगायची नाही, नक्षत्रं सांगायची, पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा, पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती. चित्रा लागते ती साधारण १० ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे आजीच्या काळात पण पाऊस तोपर्यंत यायचाच आणि तेव्हापण भाताला नकोसा असायचा. आणि २०१९ ची दिवाळी तुम्ही विसरला नसाल, क्यार वादळ समुद्रातून लांबून गेलं, किनाऱ्याला लागलं पण नाही, तरी आमच्या कापलेल्या भाताला शेतातच कोंब आले आणि मी वसुबारसेच्या दिवशी गुडघाभर पाण्यातून सायकल खांद्यावर घेऊन गेले. त्याच्या दहा वर्षं आधी नोव्हेंबरात फयान वादळ. तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे पाऊस संपला, आता निवांत, असं कृपा करून धरू नका.

तुम्हाला वाटेल सायकल आता चालवतंच कोण? तुम्हाला ते रंगीत कपडेवाले दिसत असतील, पुण्या-मुंबईचे, डिसेंबरात सागरी मार्गाने गोव्याला जाणारे. त्यांचं कौतुकच आहे मला, एकदा एकाने घाटीवर माझ्या बाजूने जाताना विचारलं होतं, "मॅडम, ॲव्हरेज किती पडतं?" मी म्हटलं दिवसाला बत्तीस खातेदार. त्याला काय कळलं ठाऊक नाही, अंगठा दाखवून गेला. पण ते आठवडाभराचे. रोजची सायकल बघायची असेल तर सकाळी साडेपाचला माझ्या घाटीवर या. पहिला येतो पाववाला, मागे एवढी मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, हँडलला तो रबरी फुग्याचा भोंगा, पों पों. काळोखात येतो, त्याच्याकडे बॅटरी असते पण ती तो दातात धरतो, कारण एक हात ब्रेकवर आणि एक भोंग्यावर. मग साडेसहाला आठवी-नववीच्या मुली, सरकारी योजनेतल्या सारख्या रंगाच्या सायकली, दप्तर पुढे, दोघी-तिघी गप्पा मारत शेजारी शेजारी. त्यांना मागून ट्रकवाले शिव्या घालतात की एका लायनीत चला. डावीकडे गवतात चालवायची का लाइन? मग मी. मग मासेवाली काकी, तिची मात्र सायकल नाही, ती रिक्षाने जाते, पण तिचा मुलगा बर्फ आणायला सायकलवर. यात हौस म्हणून चालवणारा एकही नाही, आणि यातल्या एकाच्याही अंगावर चमकणारं जॅकेट नाही.

भात कापणी पण याच दिवसांत. दोन्ही बाजूंनी माणसं भारे घेऊन रस्त्यावर, कुणी पेंढा पसरलेला, कुणी डांबरावर भात वाळत घातलेलं कारण डांबर तापतं आणि अंगण ओलं. मी कधी त्यांना बोलत नाही, चारला ढग आला की मीच उतरून ताडपत्रीचं एक टोक धरते. पण अर्धा रस्ता भाताने, डावीकडचं गवताने, उरलेल्यातून गाडी. आणि गवत म्हटलं की फुरसं, तो विषारी साप, आलंच. या दिवसांत संध्याकाळी रस्ता गरम असतो, ती गवतातून कडेला येऊन पडतात, मातकट रंगाची, लाकडाच्या तुकड्यासारखी. सायकलवर पाय जमिनीपासून किती उंच असतो? वीतभर. पायडल खाली आलं की तेवढाच. माझ्या दोन खातेदारांच्या घरी फुरसं चावलेली माणसं आहेत, एकाचं बोट गेलं. दिवाळीत सहा वाजून गेले की काळोख पडायला लागतो आणि मी तेव्हा सड्यावर असते. आता सांगा, मी कडेने जाऊ की मधून?

सड्यावरून आठवलं. त्या पिकप शेडमधली एक दुपार सांगते. मागच्या महिन्यातलीच. चार वाजता बाजारातून निघताना टपरीवाले काका म्हणाले, "वायच थांब गो, घाटार बघ कसो भरान इलो हा." मी म्हटलं वारा समुद्राकडून आहे, इकडे नाही यायचा. शहाणपणा नडला. या दिवसांतले ढग घाटावर चढतात आणि वरच्या वाऱ्याने उलटे समुद्राकडे येतात, खालच्या वाऱ्याला विचारत नाहीत. सड्याच्या मधोमध होते आणि वीज दिसली. मोजलं, एक, दोन, तीन... नवाला गडगडाट. तीन सेकंदाला एक किलोमीटर असं आमच्या शाळेतल्या बाई सांगायच्या, म्हणजे तीन किलोमीटर. पुढची सहाला. सड्यावर मी आणि माझी सायकल सोडली तर उंच असं काहीच नाही. शेडपर्यंत उभ्याने पायडल मारलं, आत पोचले तर तिथे पाववाला, दोन शाळेतल्या मुली आणि एक म्हातारा, त्याच्या हातात कोंबडा. शेडचा अर्धा पत्रा उडालेला, म्हणून सगळे एका कोपऱ्यात, चार सायकली मध्ये आडव्या, कोंबडा म्हाताऱ्याच्या शर्टात. वीज पडली की मुली किंचाळायच्या आणि कोंबडा त्यांच्यावर ओरडायचा. चाळीस मिनिटं. पाववाल्याने टोपलीतले उरलेले पाव वाटले, नरम पडलेच होते. म्हातारा म्हणाला, पूर्वी या रस्त्यावर मैलकुली असायचा.

मला ते माहीत होतं, पण विसरले होते. माझ्या लहानपणी रस्त्याच्या तुकड्या-तुकड्याला एकेक मैलकुली. खाकी शर्ट, डोक्याला टॉवेल, एक फावडं, एक विळा, एक टोपली. काम काय करायचा? दिसेल ते. मोरीत पालापाचोळा अडकला, काढला. गवत रस्त्यावर आलं, छाटलं. साइडपट्टी खचली, बाजूची माती ओढली, पायाने दाबली, झालं. म्हातारा म्हणाला, "तेवा साइडपट्टीर बैलगाडी चलायची, आता साइडपट्टी म्युझियमात बघूक व्हयी." आमच्या भागातले मैलकुली एकेक करून रिटायर झाले आणि त्यांच्या जागी माणूस आला नाही, टेंडर आलं.

मी पिग्मीवाली असल्यामुळे मला यातलं गणित दिसतं. पिग्मी १९२८ मध्ये उडुपीच्या एका बँकेने काढली, रोज दोन आण्यांपासून, बँकेचा माणूस दारात येऊन घेऊन जाणार. ती चालली का? कारण ज्याच्याकडे वर्षाअखेरीला हजार रुपये एकदम निघत नाहीत त्याच्याकडे रोजचे दहा निघतात. मैलकुली म्हणजे रस्त्याची पिग्मी होती साहेब. रोज दोन टोपल्या माती, चार हात गवत. तुम्ही पिग्मी बंद केलीत आणि मार्चला एकदम एफडी करायला बसलात, आणि तीपण चुकीच्या महिन्यात. माझा एखादा खातेदार असं वागला असता तर मी त्याच्या बायकोला सांगितलं असतं.

बरं, मागणी काय ते नीट लिहिते, नाहीतर म्हणाल नुसती बडबड. सायकल ट्रॅक नको. शहरात बघितलेत मी ते, त्यावर पाणीपुरीच्या गाड्या असतात. आमच्याकडे जागा पण नाही, एका बाजूला चिरेबंदी गडगा आणि दुसऱ्या बाजूला खाली खाडी. आम्हाला फक्त डांबराच्या लेव्हलला दीड हात पट्टी द्या, दसरा ते दिवाळी या दिवसांत, गवत काढलेली, चर भरलेला. वळणावरच्या मोऱ्या तेवढ्या आधी, कारण पाणी रस्त्यावरून जायचं थांबलं की शेवाळ थांबतं. आणि ज्यांनी चर खणला त्यांच्याकडून तुम्ही डिपॉझिट घेतलेलं असणार, ते परत देण्याआधी एक पावसाळा जाऊ द्या आणि मग गवत बाजूला करून बघा. पिकप शेडचा पत्रा बसवलात तर कोंबड्याचे पण आशीर्वाद.

मी एका रविवारी टेप घेऊन गेले होते. नवरा येतो म्हणाला, अर्ध्या वाटेत कंटाळून घरी गेला. अकरा किलोमीटरमध्ये वीतभर किंवा जास्त खोल पायरी असलेल्या जागा एकोणीस भरल्या, मैलाच्या दगडापासून किती पावलांवर ते सगळं माझ्या पिग्मीच्या जुन्या वहीत लिहिलंय, तारखेसकट. वही द्यायची नाही, झेरॉक्स देईन.

दसऱ्याला दरवर्षी सायकल ओव्हरऑइल करून घेते. यंदा दुरुस्तीवाल्या काकांनी हबमधले छर्रे काढून तळहातावर ठेवले तर तांबड्या चिखलाची पेस्ट, आमचा सगळा रस्ता त्यात. केरोसीनमध्ये धुतले, नवं ग्रीस, मागच्या चाकाचा आउट काढला, चेन खाऱ्या हवेने गेलीच होती ती बदलली. मग झेंडूची माळ, हँडलला नवं, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या, बांधलं. ते अजून आहे, दाणे चिमण्यांनी खाल्ले.

आपली नम्र,
एक पिग्मीवाली, सायकल नंबर नाही

ता. क. : हे लिहून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी विळा कॅरिअरला लावून नेला. मी पडले होते त्या वळणावर उतरले आणि कापायला लागले. पाववाला थांबला, त्याने कापलेलं ओढून गडग्याकडे टाकलं, मुलींनी चर दिसावा म्हणून त्यात एक काठी रोवून तिला लाल रिबीन बांधली. पंचवीस पावलांचं गवत, वीस मिनिटं लागली. पहिल्या दुकानात मी उशिरा पोचले. पुढच्या जागेची सुरुवात मोरीपासून चाळीस पावलांवर आहे, तिथे मात्र गवतात कुंपणाची तार पडलीये, माणूस पाठवाल तर त्याला बूट घालून यायला सांगा.